हेल्मेट मोजायला निघालेला वर्ग: निरीक्षण-प्रकल्पातल्या या चुका टाळा

नववी-दहावीच्या मुलांना सांख्यिकीचा प्रकल्प दिला की पहिला वाद आलेखाच्या रंगावरून होतो. आपल्यालाही घाई असते; मध्य, मध्यक, बहुलक शिकवून झालेले असतात, वर्ग एकदाचा बाहेर काढायचा असतो. प्रकल्प तोवर बिघडलेलाच असतो.

माझ्या वर्गाने प्रश्न घेतला होता, ‘आपल्या चौकात किती जण हेल्मेट घालतात?’ दोन मुली एकाच कोपऱ्यावर, एकाच वेळी उभ्या राहिल्या, तरी दोघींच्या ताळ्याच्या खुणा जुळेनात. एकीने कोपरात अडकवलेलं हेल्मेटही धरलं होतं. मागे बसलेल्याचं काय, पट्टा न लावलेल्याचं काय, हे मी ठरवूनच दिलं नव्हतं. तेव्हापासून ‘घालणे’ म्हणजे काय ते आधी एका वाक्यात लिहून घेतो. मग दोघांनी एकमेकांच्या वहीत न डोकावता पंधरा मिनिटं मोजायचं. आकडे जुळले नाहीत, तर ते वाक्य पुन्हा लिहायचं.

हा काठावरच्यांचा घोळ मोठ्या सर्वेक्षणांनाही चुकलेला नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं, की पीक-कापणीच्या प्रयोगात, म्हणजे शेतातला एक तुकडा आखून त्यातल्या पिकावरून उत्पादनाचा अंदाज काढताना, तो तुकडा फार लहान असला तर उत्पादन फुगून येतं. रेषेवरची रोपं हळूच आत धरली जातात, आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड जास्त. मैदानात दोरीने एक लहान आणि एक मोठा चौकोन आखून गवत मोजायला लावा. मुलांना दहा मिनिटांत पटतं.

दुसरी चूक जास्त चकवते. मुलं साहजिकच सिग्नल लाल असताना मोजतात, कारण गाड्या उभ्या असतात. पण सिग्नल तोडून गेलेला त्या वहीत येतच नाही, आणि हेल्मेट न घालणारे अशांमध्येच जास्त असण्याची दाट शक्यता. म्हणजे आपण नियम पाळणाऱ्यांमध्येच नियम पाळणारे शोधत बसलो! सिग्नलपासून दूर उभं राहा, दर पाचवी दुचाकी धरा, आणि वेळा चिठ्ठ्या टाकून काढा. नाहीतर सगळी नोंद शाळा सुटल्यानंतरच्या अर्ध्या तासाची होते.

‘सर, मग जास्त गाड्या मोजू ना,’ असं कुणीतरी म्हणतंच. तेव्हा १९३६ ची गोष्ट सांगावी. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांवरून सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, त्यावरून रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं सांगितलं. ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्ट यांनी घेतली. आकडा मोठा होता, पण यादीच एका बाजूला झुकलेली होती.

निष्कर्ष लिहिताना सगळ्यात घातक शब्द म्हणजे ‘मुळे’. ‘क्लासमुळे मार्क कमी होतात’ असं एका गटाने खरोखर लिहून आणलं होतं. आकडे बरोबर होते. पण ज्यांचे मार्क आधीच कमी, त्यांनाच पालक क्लासला घालतात, हे गटातल्या कुणाला सुचलं नाही. कुणी क्लासला जायचं ते आपण ठरवलेलं नसतं. निरीक्षण आणि प्रयोग यांत हाच फरक. मी ‘मुळे’ला लाल शाईने गोल करतो आणि वाक्य ‘क्लासला जाणाऱ्यांमध्ये’ असं सुरू करायला लावतो. मराठीच्या बाई हसतात, पण उपाय चालतो.

गाडीचे नंबर लिहायचे नाहीत, फोटो काढायचे नाहीत. मोजणीला जाण्याआधी शेवटचा तक्ता कोरा आखून घ्या. त्यातला एखादा रकाना कशाने भरायचा हे मुलांना सांगता आलं नाही, तर त्या दिवशी बाहेर पडू नका.

आणि चौकात जाताना खोडरबर काढून घ्या. नोंद पेनाने. चुकलेली खूण एका रेघेने खोडायची, खालचं दिसलं पाहिजे.