सातबाऱ्यावर बाईचं नाव: वारसनोंदीपासून हक्कसोडीपर्यंत

नोकरीची सगळी वर्षं मी तलाठी म्हणून काढली. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आमच्याकडे मी अजून ‘तलाठी मॅडम’च आहे. निवृत्तीनंतरही बाया दारात येतात आणि विचारतात, ‘बाबा गेले, शेतीला माझं नाव लागेल का हो?’ लागेल. कायद्यात त्याबद्दल काही शंका उरलेली नाही. अडतं ते दिवसकार्याच्या गडबडीत, वारसांची यादी घरातला कोणीतरी परस्पर देऊन टाकतो तिथे. म्हणून ही यादी तुम्ही स्वतः कशी द्यायची, ते नीट सांगते.

पुढचं वारसाहक्काचं जे आहे ते हिंदू वारसा कायद्याखालच्या घरांना लागू आहे. त्यात बौद्ध, जैन आणि शीखही आले. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी घरांचे हिस्से वेगळ्या नियमांनी ठरतात. फेरफाराची, म्हणजे उताऱ्यावरचं नाव बदलायच्या नोंदीची, वाट मात्र सगळ्यांची एकच.

आधी उतारा वाचायला शिका

महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा फुकट बघता येतो. डिजिटल सही असलेला उतारा पंधरा रुपयांत मिळतो, तोच काढा, कारण बिनसहीचा कुठल्या कामाला चालत नाही. सोबत 8अ घ्या, म्हणजे त्या गावात वडिलांच्या खात्यावर किती गट आहेत ते एका जागी कळेल. एखादा गट घरच्यांच्या बोलण्यात कधीच येत नाही, तो तिथे सापडतो.

उताऱ्यावर नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ते कुठे आहे ते बघा. भोगवटादाराच्या रकान्यात असेल तर तुम्ही हिस्सेदार. जुन्या नोंदींत मुलांची नावं तिथे आणि विधवा आई, बहिणी मात्र ‘इतर हक्क’ या रकान्यात, असं सर्रास आढळतं. त्याच रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि विहिरीतल्या पाण्याचा हक्कही लिहिलेला असतो. मालकिणीची जागा ती नव्हे. दुसरी खूण म्हणजे थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीच्या वारसांची नावं त्या तीन अक्षरांमागे दडलेली असतात. दोन्ही ठिकाणी जुना फेरफार क्रमांक उताऱ्यावर दिलेला असतो. त्या फेरफाराची नक्कल काढा आणि वारसांची नावं भोगवटादाराच्या रकान्यात आणण्यासाठी अर्ज द्या.

हिस्सा किती

जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर बायको, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, सगळ्यांना सारखा वाटा. सहा एकर, मागे आई, दोन भाऊ, एक बहीण: प्रत्येकी दीड एकर. बहिणीचं लग्न झालंय का, तिला हुंडा किती दिला, याचा या हिशेबाशी काही संबंध नाही. मृत्युपत्र असेल तर वडिलांचा हिस्सा त्यात लिहिल्याप्रमाणे जातो, म्हणून ते आधी बघायला मागा.

वडिलोपार्जित जमिनीत महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना जन्मतः हक्क दिला होता, पण त्या कायद्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली. ‘वडील 2005 च्या आधी वारले, आता तुझं काही नाही’ हे वाक्य मी भावांच्याच नाही, वकिलांच्याही तोंडून ऐकलंय. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात तो वाद मिटवला: 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल, तर ती मोडता येत नाही.

वारसनोंद

कायदा म्हणतो, मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवा. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, तेव्हा दहा वर्षं उलटली असली तरी अर्ज करा. 2025 मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती अशाच मयतांच्या नावावर पडून राहिलेल्या उताऱ्यांसाठी.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, उतारे, सर्व वारसांची नावं-पत्ते-नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र आणि ओळखपत्रं लागतात. ई-हक्क प्रणालीवरून अर्ज घरबसल्याही करता येतो. प्रतिज्ञापत्र कोण करतो याकडे लक्ष द्या. बहुतेक वेळा ते भाऊ करतो आणि बहिणीचं नाव विसरतो. एवढी वर्षं मी ही विसरभोळी माणसं पाहिली, पण कोणी धाकट्या भावाला विसरल्याचं आठवत नाही. अर्ज तुम्हीच केलात तर हा प्रश्नच येत नाही. एकट्या वारसानेही अर्ज केला तरी चालतो, फक्त त्यात सगळ्यांची नावं हवीत. तुम्हीही कोणाला गाळू नका, वारलेल्या भावाच्या बायकोला तर नाहीच.

अर्जाची पोच घ्या. मग फेरफार नोंदवला जातो, संबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोटीस माहेरच्या पत्त्यावर गेली तर ती तुमच्यापर्यंत येईलच असं नाही. अर्जात सासरचा पत्ता आणि स्वतःचा मोबाइल नंबर लिहा, नवऱ्याचा नको.

हक्कसोड

इथे घाई करू नका. वारसनोंद आणि हक्कसोड एकाच फेरीत उरकायची पद्धत पडली आहे: नाव लागायच्या आतच काढायचा कागद तयार. भाऊबीजेला ओवाळणीचं ताट उचललं आणि खाली हक्कसोडपत्र निघालं, असंही एकीने मला सांगितलंय. माझ्या कार्यालयात बहीण सही करायला आली की मी भावाला चहा आणायला पाठवायचे आणि तिला विचारायचे, ‘बाई, कागद वाचलास का?’ बरेचदा वाचलेलाच नसायचा.

तलाठ्यासमोरचा जबाब किंवा साध्या कागदावरची सही, याने हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. एकदा नोंदवलं की ते फिरवायला दिवाणी न्यायालयात जाऊन फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते, तीही कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावून. त्यामुळे आधी नाव लागू द्या, प्रमाणित उतारा हातात येऊ द्या, आणि सोडायचं की नाही ते नंतर ठरवा.

भाऊ म्हणेल, कर्ज काढायचंय, सही कर. कर्जासाठी सहहिस्सेदाराची संमती लागते, हक्क सोडावा लागत नाही. बँकेत तुम्ही स्वतः जाऊन विचारा. म्हणेल, शेत मीच कसतो. कसू दे की. नाव तुमचं आणि कसणूक त्याची, असं राहू शकतं. पैसे घेऊन हिस्सा द्यायचा ठरला तर तसंच कागदावर लिहा, रक्कम बँकेतून घ्या. वर्षाकाठी साडीचोळी आणि आईच्या आजारपणात मुक्कामाला जागा, एवढ्यावर दीड एकर सुटलेली मी पाहिली आहे. कोणी समजून-उमजून, मायेने सोडत असेल तर मी अडवणारी कोण? पण नाव ठेवलं म्हणून माहेर तुटत असेल, तर ते किती जुळलेलं होतं हेही एकदा मोजून बघा.

नवरा हयात असेल तर

नाव लागायला नवऱ्याच्या मरणाची वाट बघायची गरज नाही. 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला आणि गावोगावच्या नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली. 1992 मध्ये शासनानेही परिपत्रक काढून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट मोकळी केली. अर्ज मात्र नवऱ्याने स्वतः करायचा असतो, आणि तो त्याच्याच हिश्श्यापुरता. घराच्या ओट्यावर न बोलता, तलाठी गावात येईल त्या दिवशी नवऱ्याला चावडीवर घेऊन जा. चार माणसांत नाही म्हणणं पुरुषांना जड जातं, हा माझा अनुभव. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर घरही दोघांच्या नावे करून घ्या, त्याच फेरीत होतं.

नाव डावललं तर

नोंद प्रमाणित व्हायच्या आत कळलं तर लेखी हरकत द्या. प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं, सुनावणी होते. नंतर कळलं तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील, मुदत साठ दिवस. उशिराचं कारण लिहून विलंबमाफी मागता येते. फेरफारात नाव नसलं म्हणून मालकी बुडत नाही, पण दरम्यान जमीन तिसऱ्याला विकली गेली तर भांडण फार लांबतं. खरा हिस्सा मोजून हवा असेल तर वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात. तालुका विधी सेवा समितीकडे बायकांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे तालुक्याला कोणी सांगत नाही, तुम्हीच विचारा.

आणि नाव लागलं की एक काम राहतं, तुमचं स्वतःचं मृत्युपत्र. मूलबाळ नसलेली बाई मृत्युपत्राविना गेली तर माहेरची जमीन वडिलांच्या वारसांकडे परत जाते आणि तिने स्वतः कमावलेली नवऱ्याकडे, तो नसेल तर त्याच्या वारसांकडे. ज्या भाचीने किंवा मैत्रिणीने तुम्हाला सांभाळलं तिला यात काही मिळत नाही. साध्या कागदावर लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा. साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यात काही मिळणार नाही. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण मी करून घेतली.