पावसाळ्यात कारचा बदललेला एअर इनटेक: या चुका टाळा

सोलापूर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. येथे जून-जुलै अनेकदा कोरडेच जातात आणि वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात, तोही पुष्कळदा संध्याकाळच्या जोरदार सरींनी पडतो. त्यामुळे मूळ एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरची बंद पेटी) काढून हौसेने कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर) किंवा कोल्ड एअर इनटेक (बाहेरची थंड हवा ओढणारी नळी आणि फिल्टर) बसवणारे येथील कारमालक पाण्याचा फारसा विचार करत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला आणि लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली, तेव्हा कोरड्या जिल्ह्यातही पाणी किती चढू शकते हे सर्वांनी पाहिले. पण रोजच्या व्यवहारात नुकसान होते ते अशा महापुराने नव्हे. रस्त्याच्या सखल भागात साचलेले वीतभर पाणी, आठ महिने साठलेल्या धुळीचा पहिल्या सरीत झालेला चिखल आणि फिल्टर धुताना आपण स्वतः केलेली घाई, ही त्याची खरी कारणे आहेत.

भीती चुकीच्या ठिकाणी ठेवणे

अनेकांना बॉनेटखाली उडणाऱ्या थेंबांची धास्ती वाटते. दमट हवा किंवा फिल्टरवर पडलेले चार शिंतोडे यांनी इंजिनाला सहसा काहीही होत नाही, कारण हवेबरोबर आत गेलेले बारीक तुषार ज्वलनाच्या उष्णतेत वाफ होऊन निघून जातात. धोका असतो तो फिल्टर पाण्यात बुडण्याचा. कोल्ड एअर इनटेकमध्ये थंड हवा मिळावी म्हणून फिल्टर बंपरमागे किंवा फेंडरच्या पोकळीत खाली उतरवलेला असतो, आणि नेमकी तीच जागा पाण्याला सर्वांत जवळची असते.

हे प्रकरण किती नाजूक आहे ते साध्या हिशेबाने कळते. १.२ लिटरच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडर ३०० मिलिलिटरचा असतो, आणि कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन तळाशी असतानाच्या आणि वर असतानाच्या जागेचे प्रमाण) १०:१ धरला तर पिस्टन वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर केवळ ३३ मिलिलिटर जागा उरते. १.५ लिटरच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात, रेशो १६:१ धरल्यास, ती २५ मिलिलिटरच भरते. पाणी दाबले जात नसल्यामुळे एका सिलिंडरमध्ये त्याहून अधिक पाणी शिरले की पिस्टन अडतो आणि त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. दुसरीकडे, तेच १.२ लिटरचे इंजिन २००० आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला सुमारे १२०० लिटर हवा ओढते, त्यामुळे बुडालेल्या फिल्टरमधून एवढे पाणी आत यायला वेळ लागत नाही.

म्हणून इनटेक बसवल्यावर जमिनीपासून फिल्टरच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लक्षात ठेवावे. मॅन्युअलमध्ये पाण्यातून जाण्याची जी कमाल खोली दिलेली असते ती मूळ इनटेकचे तोंड आहे तेथेच आहे असे गृहीत धरून दिलेली असते. तोंड खाली आणल्यावर त्या आकड्यावर विसंबणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. शिवाय पाणी स्थिर नसते. समोरून एसटी किंवा उसाचा ट्रॅक्टर गेला की उठणारी लाट काही क्षण बंपरवर चढते, म्हणून मोजलेल्या अंतराच्या निम्म्याहून अधिक पाणी दिसले तर मागे वळावे, असा कडक नियम मी सुचवेन.

बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करणे

पाण्यात गाडी बंद पडली की हात आपोआप चावीकडे जातो. इंजिन मंद गतीवर असताना आत आलेल्या पाण्याने ते नुसतेच थांबलेले असू शकते, आणि रॉड वाकतो तो पुढच्या सेल्फमध्ये. इग्निशन बंद करावे, गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर काढावी, फिल्टर सोडवून नळीत हात घालावा. आत ओल लागली तर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग आणि डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवू नये. डिपस्टिकवरचे ऑइल दुधी दिसले तर तेही बदलावे लागते. पाणी शिरल्यानंतर सेल्फ मारून झालेले इंजिनाचे नुकसान साधारण विमा पॉलिसीत सहसा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कव्हर घ्यावे लागते. इनटेक बदलल्याची माहिती विमा कंपनीला दिलेली नसेल तर दाव्याच्या वेळी त्यावरूनही वाद निघू शकतो.

ओल्या फिल्टरला तेल लावणे

तेल लावलेल्या सुती फिल्टरच्या बाबतीत सर्वाधिक चुका धुण्या-वाळवण्यात होतात. फिल्टर आतून बाहेरच्या दिशेने, नळाच्या कमी दाबाच्या थंड पाण्याने धुवावा, म्हणजे अडकलेली माती आली त्याच वाटेने बाहेर जाते. पेट्रोल, डिझेल किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. कंप्रेसरची हवा तर मुळीच मारू नये, कारण तिने सुताचे थर विरळ होतात आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. सावलीत पूर्ण दिवसभर वाळू द्यावा. दमट सप्टेंबरात दीड-दोन दिवसही लागतात, तेवढा वेळ हाताशी नसेल तर धुवायला घेऊच नये. वाळल्यावर प्रत्येक घडीच्या कडेवरून तेलाची एक बारीक रेघ ओढून वीस मिनिटे थांबावे आणि फिकट राहिलेल्या जागीच पुन्हा थोडे लावावे.

‘पावसात पाणी अडेल’ या समजुतीने तेल सढळ हाताने ओतणारे बरेच असतात. ते जादा तेल हवेबरोबर आत जाणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरच्या तापलेल्या तारेवर जाऊन बसते, हवेचे माप चुकते आणि मग पिकअप कमी होतो, आयडलिंग अडखळते. कोरड्या प्रकारच्या सिंथेटिक फिल्टरला तेल लावले तर तो कायमचा निकामी होतो. यंत्रमाग कारखान्यांच्या आवारात रोज गाडी लावणाऱ्यांच्या तेलकट फिल्टरवर सुताचे बारीक तंतूही चिकटतात. अशांनी कोरडा फिल्टरच घ्यावा, असे माझे मत आहे.

जोड आणि निचऱ्याची छिद्रे विसरणे

एप्रिल-मेच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात बॉनेटखालचे रबरी ग्रोमेट (भोकात बसणाऱ्या कड्या) कडक होतात आणि क्लॅम्प सैल पडतात. त्यांची तपासणी पावसाआधीच करावी. नळीच्या आत, फिल्टरनंतरच्या भागात, पांढरे फडके बोटाला गुंडाळून फिरवावे. त्यावर करडी, चरचरीत धूळ आली तर हवा फिल्टरला वळसा घालून जात आहे, आणि जेथून धूळ जाते तेथून चिखलाचे पाणीही जाईल. क्लॅम्प मात्र जोर लावून आवळू नयेत, त्यांची कड नळ्या जोडणारा सिलिकॉनचा कपलर कापते. फिल्टरला इंजिनाच्या उष्णतेपासून वाचवणाऱ्या हीट शील्डच्या तळाची निचऱ्याची छिद्रे वाळलेल्या चिखलाने बुजलेली असतील तर तारेने मोकळी करावीत. नळीतच पाणी साचते म्हणून तिच्या सखल भागात भोक पाडण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो मानू नये, कारण त्या भोकातून न गाळलेली हवा थेट इंजिनात जाते.

पाणी झिडकारणारे कापडी कव्हर शिंतोड्यांपासून चांगले रक्षण करते, बुडण्यापासून नाही. प्लास्टिकची पिशवी गुंडाळून गाडी चालवणे म्हणजे इंजिनाचा श्वास कोंडणे होय. नळीत बसवायचा बायपास व्हॉल्व्ह, फिल्टर बुडाल्यास, वरून हवा घेतो, पण तो टर्बो इंजिनावर बसवता येत नाही, आणि आजकालच्या बहुतेक डिझेल गाड्यांना टर्बो असतोच. वॉशिंग सेंटरमध्ये बॉनेट उघडून प्रेशर पंप मारू देऊ नये. मारायचाच असेल तर तेवढ्यापुरती फिल्टरवर पिशवी बांधावी आणि सेल्फ मारण्याआधी आठवणीने काढावी.

पावसानंतर गाडी बिघडली तर

चेक इंजिन लाइट लागून स्कॅनरवर पी०१७१ (इंधनाच्या मानाने हवा जास्त) किंवा पी०१०१ (मास एअरफ्लो सेन्सरचे माप चुकीचे) हा कोड आला तर लगेच सेन्सर बदलू नये. आधी फिल्टर भिजून जड झाला आहे का ते हाताने पाहावे, मग जोड तपासावेत. इंजिन चालू असताना बारीक शिट्टी ऐकू येत असेल तर बहुधा कपलर निसटलेला असतो. त्यानंतर सेन्सरचा कनेक्टर काढून ओल आणि हिरवट गंज पाहावा, आणि शेवटी त्या सेन्सरसाठीच मिळणाऱ्या स्प्रेने तो साफ करावा. ब्रेक क्लीनर किंवा फडके लावल्यास तो कामातून जातो. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत मास एअरफ्लोऐवजी इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तेथे तेलाचा त्रास कमी आणि जोडांतल्या गळतीचा अधिक असतो.

मूळ एअरबॉक्स भंगारात देऊ नये. ज्यांच्या रोजच्या वाटेवर पाणी साचते त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरपुरता तोच परत बसवावा. त्या वेळी त्याचे वर वळलेले पुढचे तोंड आणि तळाचे निचऱ्याचे छिद्र शाबूत असल्याची खात्री करून घ्यावी, कारण इनटेक बदलताना तोंडाचा तुकडा गॅरेजमध्येच राहून गेलेला असतो, असे पुष्कळदा आढळते.