गरम पाण्यातले कण: गीझर उघडण्याआधी या चुका टाळा

आमच्या बादलीत काळे ठिपके यायला लागले तेव्हा आम्ही आधी गच्चीवरची टाकी धुवून घेतली. अख्खी टाकी पाणी वाया गेलं आणि दुसऱ्या दिवशी ठिपके पुन्हा हजर. चूक अशी की आम्ही गार पाणी तपासलंच नव्हतं. ते स्वच्छ होतं, म्हणजे टाकीचा काही संबंधच नव्हता.

म्हणून आधी दोन बादल्या घ्या, एक गार पाण्याची, एक गरम. दोन्ही पांढऱ्या सुती फडक्यातून गाळा. कण दोन्हींत असतील तर टाकी किंवा इमारतीचे पाइप बघा. फक्त गरम पाण्यात असतील तर गीझर आणि त्याच्या पुढची जोडणी. तेही एकाच नळाला येतात की सगळ्या, हे पाहायला विसरू नका.

आता कण बोटांत चोळा. काजळासारखा काळा डाग पडला तर तो बहुतेक रबर असतो. गीझरला जोडलेल्या लवचीक पाइपाला बाहेरून स्टीलची जाळी असते, पण आत रबरी नळी. उष्णता आणि पाण्यातलं क्लोरीन यांनी ती आतून झिजते, वरून पाइप नवा दिसतो. आमच्याकडे दोष तिथेच निघाला. पाइप बदलला, ठिपके थांबले.

पांढरे, खरखरीत कण म्हणजे बहुधा क्षार. बोअर किंवा टँकरचं जड पाणी तापलं की त्यात विरघळलेलं कॅल्शियम घट्ट होऊन कॉइलवर थर धरतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात. वाटीभर व्हिनेगरमध्ये कण टाका. बुडबुडे येऊन विरघळले तर क्षारच. नाही विरघळले तर टेफ्लॉन टेपचे धागे किंवा नवीन पाइप कापतानाचा चुरा असू शकतो, विशेषतः घरात नुकतंच काम झालं असेल तर. आणि पाणी नुसतंच दुधाळ दिसून मिनिटभरात तळापासून निवळत असेल, तर ती हवा आहे, काळजी नको.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. त्यामुळे बोअरवाल्या घरांत गीझर आतून साफ करून घेणं हे नेहमीचंच काम समजा. पण संडास धुवायचं ॲसिड त्यात कधीही ओतू नका, गीझरच्या आतल्या टाकीचं अस्तर आणि धातू दोन्ही खराब होतात. साफ करताना निघालेला मॅग्नेशियमचा झिजलेला रॉड ‘काढून टाकला तरी चालतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. टाकीऐवजी तो गंजतो, त्यासाठीच तो असतो. नवा बसवून घ्या.

तांबूस गंज फक्त गरम पाण्यात आणि सगळ्या नळांना येत असेल, तर गीझरची टाकीच आतून गेली असण्याची शक्यता जास्त. तिथे सफाईवर पैसे घालू नका.

आणि गीझर रिकामा केल्यावर गरम नळाला सलग धार येईपर्यंत बटण लावू नका. कोरडी कॉइल लगेच जळते.