अमेरिकेच्या पश्चिमेला गेलेल्या पणजीचा शोध: या चुका टाळा

सुनेच्या किंवा जावयाच्या अमेरिकन घराची वंशावळ काढायला बसलं की पुरुष भराभर सापडतात, बाई मात्र लग्नाच्या दिवशी हरवते. कारण आपल्याकडचंच आहे: माहेरचं आडनाव सुटलं. अशा वेळी, जिथे तिचं नाव लिहिल्यावाचून सरकारचं अडत होतं, ते कागद आधी काढावेत.

१८५० च्या आधीच्या खानेसुमारीत वेळ घालवू नका. तेव्हा फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, बाकीचे नुसते आकडे. १८५० पासून गुलामगिरीत नसलेल्या सगळ्यांची नावं येतात, पण नातं लिहायला १८८० उजाडलं. आणि इथेच भले भले फसतात: त्या घरातली बाई म्हणजे मुलांची आई, असं धरून चालतात.

अबिगेल स्कॉट डनिवे यांचं घर बघा. पुढे पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगनमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी लढल्या त्या. १८५२ मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, त्यांचं कुटुंब इलिनॉयहून बैलगाड्यांनी निघालं. वाटेत, आजच्या वायोमिंगमध्ये, आई पटकीने गेली. ऑरेगनला पोचल्यावर वडिलांनी दुसरं लग्न केलं. प्रवासाची रोजनिशी अबिगेलच लिहीत होत्या म्हणून हे नीट ठाऊक आहे. रोजनिशी नसलेल्या अशाच घरात तुम्ही सावत्र आईचं नाव बेधडक आई म्हणून चढवाल. १८८० नंतरही नातं लिहिलंय ते घरच्या प्रमुखाशी, त्याच्या बायकोशी नव्हे. बाईच्या वयातून थोरल्या मुलाचं वय वजा करा. बारा-तेरा उरले तर थांबा. वयं तेव्हा अंदाजाने सांगत, म्हणून दोन-तीन खानेसुमाऱ्या ताडून बघा.

जमीन नवऱ्याची, तिथे हिचं काय, असं म्हणून जमिनीचे कागद सोडणं ही दुसरी चूक. ऑरेगनच्या १८५० च्या कायद्यात आधीपासून वसलेल्या गोऱ्या जोडप्याला ६४० एकर मिळत, त्यातले निम्मे बायकोच्या हक्काचे. त्यामुळे फायलीत तिचं नाव, लग्नाची तारीख, ठिकाण सगळं येतं. १ डिसेंबर १८५१ पर्यंत लग्न केलं तरी चालत होतं, मग काय, लगीनघाई उडाली! (जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची होती आणि त्यांच्याशी करार होण्याआधीच वाटली गेली, हेही वंशावळीत लिहावं.) १८६२ च्या होमस्टेड कायद्याने विधवा किंवा एकटी बाई १६० एकर सरकारी जमिनीवर स्वतःच्या नावे दावा करू शके. राजधानी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या या फायलींत घर केवढं, किती एकर नांगरले, शेजाऱ्यांची साक्ष काय, हे सापडतं. जमीन विकल्याचं खत मिळालं तर आधी तेच वाचा. बऱ्याच ठिकाणी नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा हक्क असे, तो सोडायला तिची सही किंवा, लिहिता येत नसेल तर, फुलीची खूण लागे.

नावांचं थोडक्यात: पॉली म्हणजे बहुधा मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था. दोन बायका समजू नका.

१८९० ची खानेसुमारी जवळजवळ सगळी गेली. १९२१ च्या आगीने तिचा घात केला. थेट १९०० वर या. तिथे बाईला विचारलंय, मुलं किती झाली आणि हयात किती. उत्तर ‘नऊ, सहा’ असेल, आणि तुमच्याकडे सातच नावं असतील, तर उरलेली दोन दफनभूमीच्या नोंदींत शोधा.