बाळाची बाटली: गरम दूध आणि प्लास्टिक यांची गाठ कशी टाळावी

आधी बाटली उलटी करून तिचं बूड बघा. तीन बाणांच्या त्रिकोणात एक आकडा असतो. ५ असेल तर ती पॉलिप्रॉपिलीनची: दुधट, दाबली की जराशी लवणारी. ७ म्हणजे ‘इतर’, आणि त्या इतरांत बाकीच्या प्लास्टिकांबरोबर पॉलिकार्बोनेटही येतं. थोरल्या भावंडाची म्हणून माळ्यावरून काढलेली बाटली काचेसारखी लख्ख आणि टणक असेल, खाली ७ असेल किंवा काहीच नसेल, तर जीव अडकवू नका, ती बाद करा.

पॉलिकार्बोनेट बनतं बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीएपासून. हे रसायन शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकाची नक्कल करतं. सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांना २००८ मध्ये दिसलं, की उकळतं पाणी भरल्यावर पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांतून बीपीए ५५ पटींपर्यंत जास्त वेगानं सुटतं. बाळाच्या बाटल्यांतून ते कॅनडानं २०१० मध्ये, युरोपीय संघानं २०११ मध्ये आणि अमेरिकेनं २०१२ मध्ये हद्दपार केलं. आपल्याकडे आयएस १४६२५ हे बाटल्यांचं भारतीय मानक आहे. नवी बाटली घेताना तो क्रमांक आणि आयएसआय चिन्ह शोधा. रस्त्यावरच्या ढिगातली बिननावाची बाटली नकोच.

‘बीपीए फ्री’ या शब्दांवर मात्र फार भाळू नका. पॉलिप्रॉपिलीन बनवताना बीपीए लागतच नाही. त्यावर ते छापणं म्हणजे बटाट्यावर ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिण्यासारखं. शिवाय पॉलिप्रॉपिलीनचं स्वतःचं दुखणं आहेच. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं २०२० मध्ये मोजलं, तेव्हा ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे प्लास्टिकचे १.६ कोटींपर्यंत सूक्ष्म कण सुटत होते. पाणी जितकं तापलेलं, तितके कण जास्त. बाळावर त्यांचा परिणाम काय, हे विज्ञानाला अजून ठरवता आलेलं नाही.

मग बाळाच्या दुधाची पावडर कोमट पाण्यातच कालवावी का? नाही! पावडर निर्जंतुक नसते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना उकळून किमान ७० अंशांवर असलेलं पाणी वापरायला सांगते. जुलाब आणि जंतुसंसर्ग हा समोरचा धोका आहे. प्लास्टिकच्या भीतीपोटी तो ओढवून घेऊ नये. त्यामुळे उष्णता ठेवायची, फक्त जागा बदलायची.

१. स्टीलचं झाकणाचं छोटं भांडं आणि चमचा उकळून घ्या.

२. वेगळ्या पातेल्यात पाणी उकळा, झाकून ठेवा, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका.

३. स्टीलच्या भांड्यात आधी पाणी मोजून घ्या, मग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पावडर घाला. माप सपाट भरा. ढवळा.

४. भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवा. मनगटावर थेंब टाकून कोमट लागला, की मगच बाटलीत ओता.

बाटली उकळावी लागतेच. उकळल्यावर ती निवू द्या, आणि उकळून गार केलेल्या पाण्यानं तीनदा खळबळा. त्यासाठीचं पाणीही स्टीलमध्येच उकळा. मायक्रोवेव्हमध्ये बाटली तापवू नका. तिथे दूध एकसारखं तापत नाही, वरून कोमट वाटतं आणि मध्ये चटका बसेल इतकं गरम असतं. काढून ठेवलेलं आईचं दूध कोमट करायचं तर ते भांडं गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवा. उरलेलं दूध पुन्हा तापवायचं नाही, फेकायचं.

आतून चरे पडलेली, धुरकट झालेली किंवा तडकलेली बाटली बदला. चऱ्यांत दुधाचा थर बसतो आणि तो ब्रशनं निघत नाही. घासायला तारेची घासणी तर अजिबात नको.

काचेची किंवा स्टीलची बाटली घेतलीत तर यातली बरीच कटकट संपते. काच हातातून निसटेल ही भीती असेल, तर जुन्या मोज्याचा पंजा कापून वरचा भाग बाटलीवर चढवा. आणि वाटी-चमचा तर घरात आहेच. बोंडलंही चालेल, पण त्याच्या चोचीत दूध सुकून बसतं, तेव्हा ते बारीक ब्रशनं घासून, उकळूनच वापरा.