लाकडी मुठीचे घडीचे चाकू जमवताय? आपल्याकडच्या पावसात या चुका टाळा

जुलै आला की ठाणे, वाशी, नेरुळकडे ज्याच्याकडे ओपिनेल (लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू) आहे त्याची एकच रड असते, अरे चाकू उघडतच नाहीये, पीस डिफेक्टिव्ह आलाय, परत पाठवू का. डिफेक्टिव्ह काही नाही हो. ओपिनेलची नेहमीची मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची असते, ते लाकूड हवेतला ओलावा पटकन ओढतं, आणि या चाकूत आतून पत्र्याचा लायनर, म्हणजे मुठीच्या आतली धातूची पट्टी, नसतोच, लाकडात सरळ खाच पाडून पातं बसवलेलं असतं, मग लाकूड फुगलं की खाच आवळते आणि पातं जाम. १८९० मध्ये जोसेफ ओपिनेलने फ्रान्समधल्या साव्होआ भागात हा चाकू काढला तेव्हापासून हे असंच चाललंय, तिकडच्या लोकांनी त्याच्यावर युक्तीसुद्धा शोधलीये. पातं लॉक करणारी मुठीच्या तोंडाची रिंग मोकळी करायची (ही रिंग १९५५ ला आली, जुन्या पीसला नसेल तर गोंधळू नका), मुठीचं मागचं टोक टेबलावर टकटक आपटायचं, पातं थोडं वर येतं, मग चिमटीत धरून ओढायचं. बस.

चूक कुठे होते, तर लगेच पॉलिश पेपर आणून खाच घासायला बसतात. वाशीतल्या एका मित्राने भर जुलैत हेच केलं, पेपर दुमडून खाचेत घालून अर्धा तास घासलं, चाकू मस्त लोण्यासारखा उघडायला लागला म्हणून सगळ्यांना दाखवत फिरला. जानेवारीत हवा कोरडी झाली, लाकूड आक्रसलं, आणि आता पातं डावी-उजवीकडे डुलतंय, रिंग मोकळी करून चाकू उलटा धरला की आपोआप बाहेर लोंबतं. यावर इलाज नाही, मूठ बदला नाहीतर तसाच ठेवा. त्यामुळे पावसाळ्यात लाकूड घासायचं नाही म्हणजे नाही, जे काय घासायचं ते दिवाळी उलटल्यावर, तेव्हाही घट्ट असेल तरच.

तोपर्यंत काय करायचं? घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून चाकू आठ-दहा दिवस विसरून जा. खिडकीच्या ग्रिलवर उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका, कारण वरचं लाकूड लवकर वाळतं, आतलं ओलंच राहतं आणि तिथे तडा जातो. पूर्ण सुकला की खाचेत आणि मुठीवर कच्चं जवसाचं तेल अगदी पातळ लावा, जास्तीचं पुसून घ्या, दोन-चार दिवस हवेवर राहू द्या, गरज वाटली तर परत एक हात. घरातली खोबरेल तेलाची निळी बाटली उचलू नका प्लीज, खोबरेल लाकडात वाळून घट्ट होत नाही, चिकट राहतं आणि धूळ धरतं. जवसाचं वाळून कडक होतं म्हणूनच ते. आणि एक गोष्ट खरंच सिरियसली घ्या, जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही, तेल वाळताना गरम होतं आणि तो बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, पसरून सुकवा किंवा पाण्यात भिजवून मग फेका.

आता स्लिपजॉइंटवाल्यांकडे येतो, म्हणजे केस (Case) आणि ग्रेट ईस्टर्न या अमेरिकन कंपन्यांचे, इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने वगैरे, ज्यात मागे स्प्रिंग असते आणि लायनरवर लाकडाच्या पट्ट्या म्हणजे स्केल बसवलेल्या असतात. इथे सगळ्यात जास्त लोकं फसतात ते चकाकीला. मूठ आरशासारखी चमकतेय म्हणजे फिनिश भारी, असं काही नसतं, बफिंग व्हीलवर कुठलंही लाकूड चमकतं. फिनिश बघायचं असेल तर जोड बघा. चाकू ट्यूबलाइटसमोर आडवा धरा, स्प्रिंग आणि लायनरच्या मधून उजेडाची रेघ दिसते का बघा. पातं उघडून बोटाने हलकं डुलवून बघा. स्प्रिंगची पाठ चाकू उघडा असताना आणि बंद असतानाही लायनरला समपातळीत आहे का, ते नख फिरवून कळतं. बंद करताना पातं हळू सोडा आणि कान द्या, धार स्प्रिंगवर टक्क आपटत असेल तर धारेला तिथेच खळगा पडणार.

लाकडाची एक गोष्ट मात्र कळली पाहिजे, नाहीतर चांगला पीस नाकाराल आणि खराब पीस घ्याल. लाकूड फुगतं-आक्रसतं ते रेषांच्या आडवं, लांबीत जवळपास नाहीच. ताज्या तोडलेल्या ओल्या लाकडापासून पूर्ण वाळेपर्यंत लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के फरक पडतो, रुंदीत मात्र बीचसारखं लाकूड ११-१२ टक्क्यांपर्यंत जातं, सागवान साधारण ५ च्या आसपास. स्केलमध्ये रेषा बहुतेक वेळा मुठीच्या लांबीने असतात. म्हणजे ऑगस्टमध्ये स्केलची कडा लायनरच्या जरा बाहेर आली, नख अडकतंय, तर तो पावसाळा आहे, थांबा. पण स्केल आणि बोल्स्टरच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या तुकड्याच्या, मधे फट असेल तर ती हवामानाची नाही, विकणारा 'अहो तुमच्या ठाण्याच्या हवेमुळे' म्हणाला तरी नाही. ती बसवतानाचीच चूक. कधीकधी ही फट लाकडाचा भुसा आणि फेविक्विक घालून बुजवलेली असते, भिंगातून बघा, लाकडाच्या रेषा तिथे तुटतात आणि एक काचेसारखी चमकदार रेघ दिसते.

कडा बाहेर आलीये म्हणून घासून सपाट करणारे पण आहेत, त्यांचं हिवाळ्यात उलटं होतं, लाकूड आत जातं आणि लायनरचा पत्रा हाताला टोचायला लागतो.

मग ती स्पिरिटची टेस्ट. कुणीतरी सांगितलेलं असतं की कापसाला स्पिरिट लावून मूठ पुसा, रंग आला तर लाकूड रंगवलेलं, नकली. शिसवी, रोझवूडच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे, अस्सल रोझवूडचा नैसर्गिक रंगच स्पिरिटमध्ये सुटतो, कापूस लालसर-जांभळा होतो. वर लाखेचं पॉलिश असेल तर स्पिरिटने तेही विरघळणार, म्हणजे चांगला जुना पीस तुम्हीच डागाळला. त्यापेक्षा कडेला बघा, वरच्या रेषा आणि बारीक छिद्रं कडेवरून खाली उतरताना दिसतात का. खऱ्या लाकडात दिसतात, प्रिंट किंवा प्लास्टिक असेल तर कडेला एकदम थांबतात.

साफसफाईत सगळ्यात कॉमन नुकसान म्हणजे ब्रासो. बोल्स्टर पितळेचा किंवा निकेल सिल्व्हरचा, दे दणादण ब्रासो, आणि ती पांढरी पावडर लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसते, नंतर टूथब्रशने पण नीट निघत नाही. आधी लाकडावर मास्किंग टेप लावा, कापडाच्या टोकाला थेंबभरच घ्या. स्टील वूल पण नको, त्याचे बारीक कण ओक, अक्रोड अशा टॅनिनवाल्या (म्हणजे तुरट द्रव्य असलेल्या) लाकडात अडकले की दमट हवेत काळे ठिपके पडतात, ते लोखंड आणि टॅनिन मिळून झालेले असतात, वरवर पुसून जात नाहीत.

आणि जुन्या चाकूची टँग, पात्याचा तो बुडखा जिथे शिक्का असतो, तिला बफ लावणं हा तर गुन्हा आहे माझ्या मते. केसच्या चाकूंवर १९७० पासून शिक्क्याखाली ठिपके असतात, त्यावरून साल काढता येतं, ते पुसट झाले की संपलं. आजोबांच्या पेटीत जोसेफ रॉजर्सचा चाकू निघाला तर तारा आणि क्रॉसचं चिन्ह शोधा, शेफील्डमध्ये ते १६८२ पासून नोंदलेलं आहे, आणि सापडलं तर हात जोडतो, चमकवू नका.

पातं कार्बन स्टीलचं असेल तर काळपट-निळसर छटा येणारच, एप्रिलमध्ये दोन कैऱ्या चिरल्या की येते. ती पॅटिना, तिला हात लावू नका. लालसर आणि बोटाला पावडर लागते तो गंज, तो तेल आणि मऊ कापडाने लगेच काढा. जोडात मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन थेंबभर, फळं कापायचा चाकू असेल तर शिलाई मशीनच्या तेलापेक्षा हे बरं. चामड्याच्या पाकिटात चाकू कायमचा ठेवायचा नाही, चामडं ओलावा धरून ठेवतं, खाडीजवळ राहणाऱ्यांना तर चार महिन्यांत पितळेवर हिरवं दिसेल. सेल्युलॉइडच्या (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या) मुठीचे जुने चाकू वेगळ्या डब्यात, ते सेल्युलॉइड सडताना जी वाफ सोडतं तिने शेजारचं स्टील खाल्लं जातं.

खिशात घालून फिरायचा शौक असेल तर जरा जपून. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा नियम शस्त्र कायद्यातला, त्यात आपले छोटे चाकू येत नाहीत हे खरं, पण सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागतात, त्या दिवसांत स्टेशनवर बॅग तपासली तर कलेक्शन वगैरे समजावत बसावं लागेल.

विकत घेताना विकणाऱ्याकडून मुठीचा तिरका आर्टिस्टिक फोटो घेऊन उपयोग नाही. चार मागा: चाकू बंद असताना स्प्रिंगकडून, उघडा असताना स्प्रिंगकडून, खिडकीसमोर धरून उजेड आरपार दिसतो का तो, आणि बोल्स्टर-लाकडाच्या जोडाचा जवळून. चौथा द्यायला टाळाटाळ केली तर पैसे ट्रान्सफर करू नका.