थंडीत वाजवायच्या आधी सिंथ तापू द्या

बेळगावकडच्या खानापूर-येळ्ळूर भागात सप्ताहाच्या मंडपात रात्री थंडी चांगलीच झोंबते. अशा ठिकाणी कोर्ग मिनिलॉग एक्सडीसारखा संमिश्र (ॲनालॉग आणि डिजिटल दोन्ही भाग असलेला) सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, घेऊन जाणार असाल, तर कार्यक्रमाआधी किमान अर्धा तास तो चालू करून ठेवा.

या वाद्यात एकावेळी वाजणाऱ्या प्रत्येक सुरासाठी दोन ॲनालॉग ऑसिलेटर (सूर निर्माण करणारी सर्किटं) आणि एक डिजिटल इंजिन असतं. डिजिटल भागाचा सूर क्रिस्टलच्या घड्याळावर चालतो, म्हणून तो हलत नाही. ॲनालॉग भाग मात्र तापमानाबरोबर सरकतो. एकाच पट्टीतून दोन वेगळे सूर निघाले की आवाज डुलायला लागतो. ४४० आणि ४४२ हर्ट्झ एकत्र वाजले तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण कानाला खुपतं.

वाद्य तापल्यावर त्याचं स्वतःचं ट्यूनिंग चालवा. मग इफेक्ट बंद करून एकच लांब सूर धरा आणि ॲनालॉग-डिजिटल सारख्याच आवाजात मिसळून ऐका. हेलकावे थांबले पाहिजेत.

त्यानंतर पेटीकडे वळा. पेटीचे सूर मंडपात बसून बदलता येत नाहीत, तेव्हा जुळवून घ्यायचं ते सिंथनंच. बुवा काळी एकमध्ये गाणार असतील तर पेटीवर तीच पट्टी धरायला सांगा आणि सिंथचं मास्टर ट्यून (सगळ्या वाद्याचा सूर वरखाली करणारी सेटिंग) एकेक सेंटनं, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागानं, सरकवा. हे काम मंडपाचा ध्वनिक्षेपक सुरू होण्याआधी, सिंथ एखाद्या छोट्या स्पीकरला जोडून, हेडफोन न लावता करा; पेटी आणि सिंथ एकाच हवेत ऐकू आले पाहिजेत.

मंडपात पंखा किंवा हॅलोजन दिवा थेट वाद्यावर येत असेल तर जागा बदला, आणि मध्यंतरात ट्यूनिंग पुन्हा एकदा चालवा.